बारा टक्के

विलायतेशी करार झाला त्या दिवशी मेरगू शेठनी
पेढे नाही वाटले. कडक भाकरी अन् शेंगाचटणी,
डिस्पॅचच्या टेबलावर, इन्व्हॉइस बाजूला सारून.
"बारा टक्के ड्यूटी गेली, अंबादास. बाराची शून्य!"
मी मनात भागाकार करत होतो.
बत्तीस वर्षं तेच करतोय.
टॉवेल मोजतो, डझनानं बांधतो,
कार्टनवर लिहितो, ग्रॉस एवढं, नेट एवढं.
मधला फरक म्हणजे खोका.

तिसऱ्या दिवशी बोल्टनहून मेल आला.
खरेदीवाली बाई फार सभ्य. आधी तिथली हवा,
मग अभिनंदन,
मग बारातले नऊ दरातून कमी करण्याची विनंती,
कारण ढाक्याचा माल आधीपासूनच शून्यावर येतो.
शेठनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
चष्मा पुसला, आपल्याच टॉवेलला, सेकंडच्या.
उरलेले तीन लाइट बिलात गेले
हे मी सांगितलं नाही. त्यांनीच मला सांगितलं.

माझ्या बहिणीची लावण्या लेस्टरला असते.
इस्पितळात नोकरी, रविवारी दारोदार पत्रकं,
मतं मोजायची रीत बदला म्हणून.
पासपोर्ट अजून आपलाच, तरी तिथं मत देता येतं तिला.
हे ऐकून चेकिंगवरची नरसम्मा म्हणाली,
"राज्य केलं ना आपल्यावर, त्याचं व्याज असेल की."

"मामा, इथं तिसरा हिस्सा मतं घेऊन
तीनातल्या दोन खुर्च्या नेतात."
मी म्हटलं, पोरी, ही रीत त्यांनीच दिली आपल्याला,
गिरणी दिली तशी.
गिरणी बंद पडली. रीत चालू आहे.
गेल्या साली आमच्या सूत सोसायटीला तिघं उभे होते.
चारशे मतं. एकशे बेचाळीसवाला चेअरमन.
उरलेले दोनशे अठ्ठावन्न आम्ही
हार घेऊन त्याच्याच जीपमागं.

तिला नीट कळावं म्हणून फोन शेडमध्ये नेला.
ऐक. हजारो उभे धागे,
एकेका धाग्यावर एकेक पत्र्याची पिन.
धागा तुटला की पिन पडते,
पिन पडली की माग थांबतो.
एका धाग्यासाठी, पोरी!
नरसम्माचा थोरला येतो, गाठ मारतो,
तोवर सगळं थांबलेलं.
तुझ्या तिथं शंभरातले सहासष्ट तुटतात
अन् कापड निघतंच.

ती म्हणाली, मामा,
खडखडीत काहीच ऐकू येत नाहीये.

संध्याकाळी बस चार पुतळ्यांपाशी थांबते.
रोज बघतो मी त्यांच्याकडं. आज जरा चोरून बघितलं.
ज्यांनी ह्यांना फासावर दिलं
त्यांच्या गावात पुढच्या खेपेला कोण निवडून येणार,
ही काळजी डब्याच्या पिशवीत घालून
अक्कलकोट रोडवरनं घरी निघालेला माणूस
काय सांगणार ह्यांना?
सरकार बदललं तर करार टिकेल का,
एवढंच विचारत होतो, मालक.
राग मानू नका.

काल लावण्याचा फोटो आला.
पत्रकं भिजली म्हणून टॉवेलवर पसरलेली,
शाई फुटलेली, एका उमेदवाराला निळी मिशी आलेली.
मी मात्र किनार बघत होतो.
सात रेघा. आमचीच डॉबी.
केवढ्याला घेतलास?
बारा पौंड.
करारानंतर?
आधीही बाराच होता, मामा.

लेबल उलटून बघ म्हटलं.
बघितलं तिनं. भारत आहे. सोलापूर नाही.
ते खोक्यावर असतं, मी म्हटलं,
मीच लिहितो, मार्करनं, मोठ्या अक्षरात.

खोके कुठं जातात
तिला माहीत नव्हतं.